ओळखपत्र हाती, किनारा दूर

अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर निघालेल्या ‘डाली’ या मालवाहू जहाजाचा वीजपुरवठा बंद पडला आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला, त्यावर डागडुजीचे काम करणारे सहा मजूर प्राणांस मुकले. सिंगापूरचा ध्वज लावलेल्या या जहाजावर २१ खलाशी व अधिकारी होते. त्यांतील २० भारतीय होते आणि एक श्रीलंकेचा. जहाजावरून संकटाची सूचना वेळीच गेल्यामुळे पुलावरील वाहतूक थांबवता आली आणि आणखी प्राणहानी टळली, हे तेथील अधिकाऱ्यांनीच सांगितले. तरीही पुढे आठवड्यांमागून आठवडे ही माणसे जहाजावरच अडकून पडली. तपास यंत्रणेने त्यांचे फोन ताब्यात घेतले होते, व्हिसाची मुदत उलटून गेली होती आणि किनाऱ्यावर उतरण्याचे परवाने त्यांच्यापाशी नव्हते. २० मे रोजी जहाज ओढून पुन्हा बंदरात आणण्यात आले. शहर समोर दिसत होते, पण तेथे पाऊल ठेवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्यातील पहिले आठ जण मायदेशी निघाले, ते जूनच्या उत्तरार्धात.

एवढ्या मोठ्या अपघाताची कसून चौकशी होणे आवश्यकच होते, याबद्दल दुमत नाही. परंतु चौकशी ही एक गोष्ट झाली आणि माणसाला जमिनीवर पाय ठेवू न देणे ही दुसरी. ‘डाली’वरील खलाशांची हकीकत जगाने वाचली, कारण तिच्यामागे कोसळलेला पूल होता. ज्यांच्यामागे असा पूल नसतो, अशा असंख्य खलाशांच्या वाट्याला हाच अनुभव कोणत्याही अपघाताविना येतो. जहाज धक्क्याला लागते, क्रेनची घरघर सुरू होते, माल उतरतो, नवा माल चढतो; आणि तो माल हजारो मैलांवरून घेऊन आलेला माणूस मात्र कठड्याशी उभा राहून गावातले दिवे पाहत राहतो. त्याच्या मालाला त्या देशात प्रवेश आहे. त्याला स्वतःला नाही.

नागपूरच्या प्रताप नगरात किंवा खामल्यात राहणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईचा समुद्र येथून आठशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. बोटीवरची नोकरी म्हटली की रत्नागिरीचा, मालवणचा किंवा गोव्याचा माणूस डोळ्यांसमोर येतो. मुंबईच्या धोबीतलाव-माझगाव भागात गोव्याच्या गावागावांनी चालवलेल्या ‘कूडां’मध्ये बोटीची वाट पाहत मुक्काम करणाऱ्या दर्यावर्दींची परंपरा जुनी आहे, विदर्भाला अशी परंपरा नाही. पण काळ बदलला आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला मुलगा आता अभियांत्रिकीबरोबर मर्चंट नेव्हीचाही विचार करतो, मग त्याचे गाव समुद्रकाठी असो वा नसो. आणि ज्या घरातून कोणीही बोटीवर जात नाही, त्या घरातही समुद्रमार्गाने आलेली वस्तू असतेच. अजनीच्या कंटेनर डेपोतून सुटलेला डबा अखेरीस कोठल्या तरी जहाजाच्या डेकवर चढतो. त्या जहाजावरील माणसांच्या जिण्याशी नागपूरचा संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

किनाऱ्यावर उतरण्याची ही मुभा, बोटीवरच्या भाषेत जिला ‘शोअर लीव्ह’ म्हणतात, हे काय प्रकरण आहे? अनेकांना ती चैन वाटते. परदेशी बंदरात मौजमजा करण्याची सवलत, असा तिच्याविषयीचा जुना समज आहे आणि चित्रपटांनी तो पोसलाही आहे. वस्तुस्थिती फार वेगळी आहे. आजच्या अवाढव्य मालवाहू जहाजावर अवघी वीस-पंचवीस माणसे असतात. ती महिनोन्महिने त्याच चेहऱ्यांमध्ये, त्याच लोखंडी भिंतींमध्ये, इंजिनाच्या अखंड आवाजात राहतात. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा नियम आंतरराष्ट्रीय करारात लिहून ठेवावा लागला, यावरूनच कामाच्या ताणाची कल्पना यावी. अशा माणसाला बंदरात दोन-चार तास मोकळे मिळाले, तर तो दुखरी दाढ दाखवतो, औषधे घेतो, घरी निवांत बोलतो, मशिदीत, चर्चमध्ये वा देवळात जातो; नाही तर नुसता न हलणाऱ्या जमिनीवर चालून येतो. कारखान्यातील कामगाराला पाळी संपल्यावर फाटकाबाहेर पडण्याचा जो अधिकार आहे, तोच हा अधिकार होय. फाटक बंद केले की कारखान्याचा तुरुंग होतो. जहाजाचेही तसेच आहे.

भारतीय खलाशाच्या बाबतीत या बंद फाटकाला इतिहास आहे. इंग्रजी अमलात ज्यांना ‘लस्कर’ म्हणत, त्या हिंदी खलाशांच्या श्रमावर ब्रिटिश आगबोटी चालत. पण १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने या आशियाई खलाशांना परत मायदेशी नेऊन सोडण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. हेतू त्यांच्या सोयीचा नव्हता. त्यांनी इंग्लंडच्या भूमीवर राहू नये, हा होता. पुढे १९२५ साली निघालेल्या हुकमाने तर कागदपत्रांचेच हत्यार केले. जो गौरेतर खलाशी ब्रिटिश प्रजाजन असल्याचा लेखी पुरावा दाखवू शकणार नाही, त्याने पोलिसांकडे परकी म्हणून नोंद करावी, असा तो दंडक होता. जन्माने ब्रिटिश प्रजाजन असलेली कितीतरी माणसे केवळ कागद नाही म्हणून परकी ठरली. दोन्ही महायुद्धांत याच माणसांनी ब्रिटनला धान्य आणि दारूगोळा पोहोचवला. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारके त्यांची साक्ष देतात. एकट्या दुसऱ्या महायुद्धात प्राण गमावलेल्या भारतीय व्यापारी जहाजांवरील खलाशांची संख्या सहा हजारांवर होती. मरताना त्यांच्याकडे कोणी ओळखपत्र मागितले नाही.

या अन्यायाची जाणीव जगाला झाली नाही, असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५८ साली खलाशांच्या ओळखपत्रांविषयीचा करार केला. त्याचे सूत्र साधे होते. खलाशाला त्याच्या देशाने ओळखपत्र द्यावे आणि इतर देशांनी ते पाहून त्याला तात्पुरते किनाऱ्यावर येऊ द्यावे. १९६५ साली सागरी वाहतूक सुकर करण्यासंबंधी दुसरा आंतरराष्ट्रीय करार झाला. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा सुव्यवस्था यांना बाधा येत नसेल तर खलाशाला उतरू द्यावे, हे तत्त्व त्यात आले. कराराच्या २०१८ पासून लागू झालेल्या सुधारणांनी राष्ट्रीयत्व, वर्ण, धर्म किंवा राजकीय मत यांवरून याबाबतीत भेदभाव करू नये, असेही स्पष्ट केले. मात्र जे कलम पाळता येत नसेल ते तसे कळवून बाजूला ठेवण्याची पळवाट या कराराने सदस्य देशांना दिली आहे, आणि येथेच घोडे पेंड खाते.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर चित्र पालटले. प्रत्येक परका माणूस संशयित ठरू लागला. बंदरांना कुंपणे पडली, पहारे बसले, आणि १ जुलै २००४ पासून जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता अमलात आली. बंदराच्या सुरक्षा आराखड्यात खलाशांना किनाऱ्यावर जाणे सुकर व्हावे अशी तरतूद असली पाहिजे, हेही त्याच संहितेत लिहिलेले आहे. परंतु कुंपणाचे कलम तत्परतेने पाळले गेले आणि वाटेचे कलम सोयीस्करपणे विसरले गेले. याच वातावरणात श्रमसंघटनेने २००३ साली १९५८ च्या कराराची जागा घेणारा नवा करार केला. तो खरे पाहता एक सौदा होता. सरकारांना खोटे कागद ओळखता यावेत म्हणून खलाशाने आपली शारीरिक ओळख नोंदवून अधिक पक्के ओळखपत्र घ्यावे. आणि त्याच्या मोबदल्यात किनाऱ्यावर उतरण्यासाठी कोणत्याही देशाने त्याच्याकडे व्हिसा मागू नये.

या सौद्यातील आपली बाजू भारताने पूर्ण केली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये भारताने हा करार आणि खलाशांच्या सर्वसाधारण हक्कांविषयीचा २००६ चा सागरी श्रमकरार, दोन्ही मान्य केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये चेहऱ्याची नोंद असलेले आणि चिप बसवलेले खलाशी-ओळखपत्र देण्यास सुरुवात झाली. अशा प्रकारचे ओळखपत्र देणारा भारत हा जगातील पहिला देश असल्याचे त्या वेळी सरकारने अभिमानाने सांगितले. बोटीवरील नोकरीची नोंदवही, म्हणजे सीडीसी, ज्यांच्यापाशी आहे अशा सुमारे साडेतीन लाख लोकांना ते मिळावे, असा संकल्प होता. भारतीय खलाशाने आपला चेहरा दिला, माहिती दिली, शुल्क दिले. त्याला मोबदला काय मिळाला? २००३ चा करार मान्य करणाऱ्या देशांची संख्या वीस वर्षांनंतरही चाळिशीच्या आसपासच रेंगाळली. ज्या अमेरिकेच्या चिंतेपायी हे सारे घडले, ती अमेरिका त्यात नाही. तेथे उतरायचे तर भारतीय खलाशाजवळ आधीच काढलेला स्वतंत्र व्हिसा असावा लागतो. आपले जहाज पुढच्या महिन्यात कोणत्या बंदराला लागणार हे पुष्कळदा कप्तानालाही ठाऊक नसते. मग नागपुरातून निघालेल्या मुलाने कोणकोणते व्हिसा खिशात घेऊन निघावे? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी या ओळखपत्राची गत झाली आहे.

यावर सुरक्षेचा मुद्दा पुढे केला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईत काय केले, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. पण ते हल्लेखोर ओळखपत्र दाखवून बंदराच्या फाटकातून आले नव्हते. ते चोरवाटेने आले होते आणि त्यासाठी त्यांनी एका मच्छीमार नौकेतील खलाशांचाच बळी घेतला होता. ज्या माणसाचे नाव, चेहरा, नोकरीचा इतिहास, जहाज आणि कप्तान अशा सर्व गोष्टी जहाज येण्यापूर्वीच बंदराला कळलेल्या असतात, त्याला रोखून ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. खलाशी पळून जाऊन बेकायदा राहतील, अशी दुसरी भीती सांगतात. तिच्यावरही उपाय आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या सीमानियमांत आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे दिलेले खलाशी-ओळखपत्र असलेल्याला जहाज लागलेल्या बंदरात आणि लगतच्या नगरपालिकांच्या हद्दीत उतरू देण्याची तरतूद आहे. ज्या देशांना निर्वासितांच्या प्रश्नाने एवढे ग्रासले आहे, त्यांना जे जमते ते इतरांना का जमू नये? खुद्द अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१९ साली नियम करून बंदरांच्या चालकांना बजावले की, खलाशांना धक्क्यावरून फाटकापर्यंत विनाविलंब आणि विनामूल्य जाऊ दिले पाहिजे. म्हणजे फाटकापर्यंतचा हक्क अमेरिकेलाही पटला आहे. फाटकाच्या चौकटीतला व्हिसाचा अडसर तेवढा उरला आहे.

हा हक्क किती ठिसूळ आहे, ते कोरोनाच्या साथीने दाखवून दिले. २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर जून २०२० पासून उभ्या असलेल्या ‘जग आनंद’वर २३ भारतीय होते. ना माल उतरवू दिला, ना माणसे बदलू दिली. त्याच सप्टेंबरपासून ‘अनास्तासिया’ हे दुसरे जहाज चीनच्याच काओफेइदियन बंदराबाहेर रखडले. त्यावरही १६ भारतीय होते. अखेर ‘जग आनंद’ जानेवारी २०२१ मध्ये जपानकडे वळले आणि त्यानंतरच त्यावरील खलाशी घरी येऊ शकले. जगाला अन्न, इंधन आणि औषधे अखंड मिळत राहिली ती या माणसांमुळे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२० मध्ये त्यांना अत्यावश्यक सेवक मानण्याचा ठरावही केला. पण ठरावाची शिडी लावून जहाजावरून उतरता येत नाही.

या प्रश्नाची एक बाजू घरातलीही आहे आणि ती विद्यार्थ्यांनी व पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. कागदपत्रे जशी खलाशाचे संरक्षण करतात, तशीच ती त्याच्या गळ्यातला फासही होऊ शकतात. परवाना नसलेले दलाल लाखो रुपये घेऊन बनावट प्रमाणपत्रे आणि भलत्याच देशांच्या नोंदवह्या मुलांच्या हाती ठेवतात आणि त्यांना मोडकळीस आलेल्या जहाजांवर धाडतात. मालक जहाज वाऱ्यावर सोडून देतो, पगार थांबतो आणि खोट्या कागदांमुळे दाद मागण्याचेही धैर्य उरत नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने नोंदवल्याप्रमाणे २०२४ या एका वर्षात ३१२ जहाजांवरील ३,१३३ खलाशांना मालकांनी असे वाऱ्यावर सोडले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ८९९, भारतीय होते. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तो आहे की नाही हे तपासता येते, ही माहिती मुंबईच्या दलालाला ठाऊक असते. ती नागपूर-अमरावतीच्या पालकाला ठाऊक नसते. आणखी एक गोष्ट. २००३ च्या करारानुसार ओळखपत्र सदैव खलाशाच्याच ताब्यात असले पाहिजे. कप्तानाला ते सांभाळायला घ्यायचे असेल तर खलाशाची लेखी संमती लागते. ओळख ज्याची, तिचा कागदही त्याचाच, हे तत्त्व प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.

मग भारताने काय करावे? प्रथम, मोबदला मागण्याचा संकोच सोडावा. जगातील जहाजांवर मोठ्या संख्येने काम करणाऱ्या राष्ट्रांमध्ये भारताची गणना होते; भारतीय, फिलिपिनो आणि इंडोनेशियन खलाशांनी काम थांबवले तर कितीतरी बड्या कंपन्यांची जहाजे नांगर उचलू शकणार नाहीत. व्यापारी करारांच्या वाटाघाटींत मोटारींवरील आणि मद्यावरील जकातींचा घोळ महिनोन्महिने घातला जातो. त्याच मेजावर खलाशाच्या ओळखपत्राला मान्यता, ही मागणी का ठेवली जाऊ नये? फिलिपाइन्स आणि इंडोनेशिया या देशांनीही २००३ चा करार स्वीकारलेला आहे. त्यांना बरोबर घेऊन ही मागणी मांडली, तर तिला वजन येईल.

परंतु दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी आपले अंगण झाडणे शहाणपणाचे ठरते. मुंबईला किंवा न्हावा-शेव्याला लागलेल्या जहाजावरील फिलिपिनो, युक्रेनियन किंवा चिनी खलाशाला उतरण्याचा पास रात्री-अपरात्रीही तत्काळ मिळतो काय? धक्क्यापासून फाटकापर्यंतचे अंतर कंटेनरच्या गाड्यांच्या गर्दीत चालून जाण्यासारखे नसते. तेथे त्याच्यासाठी बस असते काय? कंटेनरचे जहाज हल्ली बंदरात जेमतेम एक दिवस थांबते. अशा वेळी सहा तास उशिरा मिळालेला पास आणि न मिळालेला पास यांत फरक उरत नाही. जुना १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा बाजूला सारून संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आहे. पास देण्याची कालमर्यादा आणि फाटकापर्यंत विनामूल्य वाहन या दोन गोष्टी बंदरचालकांवर बंधनकारक करण्याची हीच वेळ आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याच्या आराखड्यात क्रेन, रेल्वे आणि महामार्ग यांच्या जोडीला खलाशाच्या पायवाटेसाठी व विसाव्यासाठीही जागा राखली पाहिजे. बंदर बांधून झाल्यावर अशी जागा सापडत नसते.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ओळखपत्रासाठी सुरुवातीला जी नऊ केंद्रे उघडली, त्यांपैकी दिल्लीजवळील नोएडा सोडले तर बाकीची मुंबई, गोवा, कोची, चेन्नई, कोलकाता अशी समुद्राकडेच होती. जणू खलाशी समुद्रकिनारीच जन्मतात! पारपत्राचे काम नागपुरात होऊ शकते, तर चेहऱ्याची नोंद घेण्यासाठी माणसाने मुंबईपर्यंत का जावे? देशाच्या मध्यावर असलेल्या या शहरात असे एक केंद्र आणि त्याच्याच शेजारी परवानाधारक संस्थांची माहिती देणारी एक खिडकी असावी. त्याने दलालांचा निम्मा धंदा बसेल.

ओळखपत्र हे ओळख पटवण्यासाठी असते. ती पटल्यावर दार उघडले गेले पाहिजे. कागद मागायचा, तो मिळाला की त्याहून पक्का कागद मागायचा, आणि तोही मिळाला की दार तसेच बंद ठेवायचे, याला सुरक्षाव्यवस्था म्हणत नाहीत. १९२५ च्या हुकमाची ती नवी आवृत्ती आहे, एवढेच. मुंबईहून ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही सिंदिया कंपनीची बोट इंग्लंडकडे निघाली, त्याची आठवण म्हणून तो दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणांत जहाजांच्या टनांचे आणि मालाच्या उलाढालीचे आकडे सांगितले जातात. त्या आकड्यांत आणखी एकाची भर पडावी. त्या वर्षी किती बंदरांनी भारतीय खलाशाला, केवळ त्याचे ओळखपत्र पाहून, जमिनीवर पाय ठेवू दिला, हा तो आकडा होय. तो जोवर सांगता येत नाही, तोवर सागरी सामर्थ्याच्या इतर आकड्यांना पुरता अर्थ येणार नाही.